बांधावरच्या खजुरांची वाटणी

आमच्याकडे वाटणीची एक जुनी रीत आहे. मोठ्या भावानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. उरेल तो वाटा आपल्याच पदरात पडणार हे ठाऊक असल्यानं मोठा डोळ्यांत तेल घालून सारखे वाटे पाडतो. पंचांना मग चहा पिण्यावाचून काम राहत नाही. रीत चांगली आहे. फक्त वाटे पाडणाऱ्याला वस्तूची पारख पाहिजे.

विमलताईच्या थोरल्याला, अमरला, जमिनीची पारख होती. बोरी अरब गावाच्या अलीकडे त्यांचं सात एकर शेत, मधोमध विहीर. तिचे यजमान नानाजी गेल्यावर दोन वर्षं दोघा भावांनी ते एकत्र वाहिलं. मग या दिवाळीत हरभऱ्याला पाणी देण्याच्या पाळीवरून अशी जुंपली की बोलणंच बंद झालं. अमरला काही सांगायचं असलं तर तो बायकोला सांगायचा. ती, सुरभी, सासूला सांगायची आणि सासू धाकट्या अक्षयला. पाच पावलांवरचा निरोप असा गावाला वळसा घालून यायचा. शेवटी मार्गशीर्षात शेतातच पंच बसवले.

अमरनं वाटे पाडले. विहीर सामाईक, मोटर एक दिवसाआड. पूर्वेकडे जमीन काळी पण अर्धा एकर कमी, पश्चिमेकडे अर्धा एकर जास्त पण मुरमाड. विहिरीजवळून जाणाऱ्या बांधावर खजुराची आठ झाडं होती. विहिरीच्या पूर्वेला चार, पश्चिमेला चार.

“इकडले चार इकडच्याले, तिकडले चार तिकडच्याले,” अमर पंचांकडे बघत म्हणाला. “कोनाले कमी नाही, कोनाले जास्त नाही.”

“पूर्वेचा वाटा माहा,” अक्षयही पंचांनाच म्हणाला.

विमलताई चहाची किटली घेऊन तिथंच बसली होती. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

पूर्वेच्या चारांतली तीन झाडं नर होती. चौथं फळायचं, पण त्याचं फळ काळं होईपर्यंत जीभ आवळून धरायचं, आणि ते काळं व्हायच्या आत मिरगाचा पाऊस लागून घडच्या घड नासायचे. म्हणजे अक्षयच्या वाट्याला झाडं चार आली आणि तोंडात घालायला एक फळ नाही. हे त्या बैठकीत एकट्या विमलताईला माहीत होतं. घरी सगळे खजूर एकाच टोपलीत यायचे, कोणते कोणत्या झाडाचे हे पोरांनी कधी विचारलं नव्हतं. ती बोलली असती तर वाटे मोडले असते, पंच उठले असते. पण कितीतरी दिवसांनी तिची दोन्ही पोरं एका सतरंजीवर बसली होती. दोघांच्या हातात तिनं केलेला चहा होता. एवढ्यासाठी ती गप्प बसली, आणि नंतर दोन महिने स्वतःला शिव्या देत राहिली.

हे खजूर तिच्याकडे आले ते हलीमाकडून. बोरीला हलीमाच्या नवऱ्याचं, अय्यूबभाईचं, जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान. तरुणपणी तो सौदीत खजुराच्या बागेत सहा वर्षं राबलेला. सोळा वर्षांपूर्वी रमजानात नानाजी जळालेली मोटर घेऊन गेले तेव्हा विमलताई सोबत होती. हलीमानं डब्यातले खजूर तिच्या ओंजळीत घातले. बी फेकणं विमलताईच्या हातून होत नाही. तिनं दहा बिया बांधावर पुरल्या, आठ उगवल्या.

सातव्या वर्षी झाडं फुलली. पण फळ वाटाण्याएवढं व्हायचं आणि गळून पडायचं. अय्यूबभाई मोटर बसवायला आला होता, त्यानं बांधावरून एक चक्कर मारली आणि हसायला लागला.

“ताई, हे तीन मर्द हायेत. बाकी पाच औरती. यांची गाठ तुमाले घालून द्या लागते. हवेच्या भरोशावर राह्यले तर हेच होईन.”

त्यानं शिडी मागवली आणि दाखवलं. नर झाडाचा तुरा कापायचा, त्याच्या चार-पाच काड्या मादीच्या कोवळ्या घडात उलट्या खोचायच्या आणि सैल बांधायच्या. तेव्हापासून दर माघात विमलताई जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन झाडावर चढायची आणि नानाजी शिडी धरायचे. पोरं तेव्हा गहू-हरभऱ्यात गुंतलेली. त्यांना वाटायचं, मायनं नवसाच्या चिंध्या बांधल्या. सुरभी तर लग्न होऊन आली तेव्हा त्या झाडांना हात जोडून गेली होती. विमलताईनंही कधी कोणाचा समज मोडला नाही. एक तर तिला हसू यायचं, आणि दुसरं म्हणजे ते काम तिचं आणि नानाजींचं होतं. त्यात तिसरं कोणी तिला नको होतं, हे खरं.

आणि फळं तरी काय एकेक! पश्चिमेचं पहिलं झाड पिवळंधमक, कच्चं असतानाच गोड, दाताखाली करकर वाजणारं. दुसऱ्याचं लाल, लांबुडकं, कोरडं. तिसऱ्याची नुसती बीच मोठी, गर नावाला. चौथ्याचं फळ अंड्याएवढं पण बेचव, पाण्यानं धुतल्यासारखं. आणि पूर्वेचं ते एक तुरट.

“एकाच डब्यातले बी, अन् एकासारखं एक नाही,” विमलताईनं एकदा नवल केलं होतं.

“बागेत बी कोनी लावत नाही, ताई,” अय्यूबभाई म्हणाला होता. “झाडाच्या बुडाशी पिल्लू फुटते ना, ते काढून लावते. पिल्लू मायसारखं निघते. बी म्हंजे नसीब.”

“नवल काय करून राह्यली तू?” हलीमा मधेच बोलली होती. “एका पोटचे दोन पोरं तरी सारखे निघाले का व तुहे?”

नाही निघाले. अमरचा राग उकळला की उतू जायचा आणि संपायचा. अक्षयचा राग मुरायचा. वाटणी झाली, घराच्या मधे टिनाची भिंत उभी राहिली, विमलताई धाकट्याकडे राहिली, आणि माघ लागला.

त्या दिवशी अक्षय जेवायला बसला होता. त्याची बायको दिपाली चुलीवरून भाकर काढून ताटात टाकत होती.

“परवा झाडं कापायची मशीन घेऊन मानूस येऊन राह्यला,” अक्षय म्हणाला. “जुन्या घडाचं एक देठबी नाही ज्यायच्या अंगावर, ते तीन वांझोटे झाडं काढून टाकतो. काटेच काटे नुसते. बांध साफ करून तार ओढतो.”

दिपालीच्या हातातली भाकर तशीच राहिली. मग तिनं ती ताटात ठेवली आणि पुन्हा चुलीकडे तोंड केलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. आठच दिवसांपूर्वी शेजारच्या लालीबाईनं नातवाच्या बोरन्हाणाला साऱ्या बायकांना पोराच्या डोक्यावरून बोरं टाकायला बोलावलं, आणि दिपालीच्या हातात मात्र चहाचा ट्रे दिला. हे तिनं घरी कोणाला सांगितलं नव्हतं. विमलताई तिथंच बसलेली होती, म्हणून तिला ठाऊक.

“वांझ नाही ते,” विमलताई म्हणाली.

“मंग काय हाये? सोळा वर्षांत एक फळ देल्लं का त्यायनं?”

विमलताईच्या ओठावर आलं होतं. पण आपला लेक तिला माहीत होता. या झाडांवाचून अमरच्या झाडांना फळ धरत नाही हे कळलं असतं, तर तो परव्याची वाट न पाहता आत्ताच कुऱ्हाड घेऊन निघाला असता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि झाडं गेली की गेली. नाल्याकाठी शिंदी, म्हणजे रानखजूर, होती तेव्हा वाऱ्यानं तिच्या तुऱ्याची थोडीफार धूळ तरी यायची. नाला खोल करताना तीही उपटली गेली.

“सावलीले राहू दे,” ती कशीबशी म्हणाली.

“खजुराची सावली!” अक्षय हसला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाची तार आणायला मोटरसायकलवर दारव्ह्याला गेला. विमलताईनं विचार केला, उद्या झाडं राहोत न राहोत, या सालचा तुरा तर घडात घालू. पुढचं पुढं. तिनं गोठ्याच्या भिंतीला टेकलेली बांबूची शिडी ओढली, चिंध्या कमरेला खोचल्या, विळा घेतला. शिडीचं एक टोक जमिनीवरून फरफटत चाललं होतं. अर्ध्या वाटेत ते आपोआप हलकं झालं. मागं दिपाली होती.

“कुठं चालल्या, आत्याबाई? गुडघे पाहा आपले.”

“तू घरी जाय.”

“नाही जात.”

नर झाडाखाली शिडी लावून विमलताई दोन पायऱ्या चढली. तिसरीवर उजवा गुडघा वाकेना. ती तशीच लटकल्यासारखी उभी राहिली. वरही जाता येईना, खालीही. नानाजी असते तर म्हणाले असते, उतर व, पुरे झालं. दिपालीनं तिची कंबर धरून तिला खाली घेतलं, तिच्या हातातला विळा काढला, पदर खोचला आणि झरझर वर गेली.

“सांगा, काय कापू?”

“पानाच्या बुडाशी लाकडी म्यान दिसते पाय, उकललेलं. त्यातला पांढरा तुरा. काट्यात हात घालू नको, वरून घे.”

काटे लागलेच. दिपालीनं ‘स्स’ केलं, बोट तोंडात घातलं आणि तुरा कापला. तो हलला तशी त्यातली पांढरी धूळ तिच्या तोंडावर, केसांवर, खाली विमलताईच्या पदरावर पडली. ओल्या कणकेसारखा वास सुटला.

“हे काय हाये वो, आत्याबाई?”

विमलताईनं मग सगळं सांगितलं. अय्यूबभाईचं, चिंध्यांचं, नानाजींचं. वाटणीच्या दिवशी आपण तोंड उघडून मिटलं तेही. दिपाली शिडीवर बसून ऐकत होती.

“मंग हे वांझ नाहीत?”

“अवं, हे नसले तर बाकीचे पाच वांझ. लोकाइले फळ दिसते. कोनामुळं धरलं ते कोनाले दिसते?”

 दिपालीनं तोंड पानांच्या बाजूला केलं. थोड्या वेळानं वरून नाक ओढल्याचा आवाज आला. विमलताईला वाटलं, आपण वर चढून या पोरीला जवळ घ्यावं. गुडघ्यांचा तिला त्या दिवशी जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

“रड मनभरून,” ती खालून म्हणाली. “मी शिडी धरून हावो.”

पूर्वेच्या मादी झाडाचे घड बांधून झाले. मग दोघींनी शिडी विहिरीच्या पलीकडे, अमरच्या बांधावर नेली. दिपाली पिवळ्या झाडावर चढली, घडात काड्या खोचायला लागली, आणि तेवढ्यात मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. दारव्ह्याचं तारेचं दुकान बंद होतं. अक्षय दीड तासातच परतला होता.

तो चालत आला. आधी शिडी बघितली, मग शिडीवरची बायको, मग आईच्या हातातला तुरा.

“काय चालू हाये हे?”

विमलताईला खोटं सुचलं नाही. आजवर तिनं नवसाचं खोटं चालवून घेतलं होतं, पण आता हातात तुरा होता आणि पदरावर धूळ होती. तिनं खरं सांगितलं. जितकं सांगत गेली तितका अक्षयचा चेहरा आवळत गेला.

“म्हंजे फूल माह्या झाडाचं. चढनारी माही बायको. अन् फळ त्याच्या घरी?”

“अरे, ऐकून तर घे...”

“वाटणीच्या दिवशी तुले माहीत होतं?”

“होतं.”

“अन् तू चहा वाटत बसली?”

“तुमी दोघं एका सतरंजीवर बसले होते रे,” विमलताई म्हणाली. “किती दिवसांनी बसले होते. मले वाटलं, खजुराचं काय, आज उठवू नाही यायले. चुकलं माह्यं. तुह्यावर अन्याव केला मी. त्यानं नाही केला, त्याले तर तुऱ्यातलं काही समजत नाही.”

अक्षय तिच्याकडे बघत राहिला. मग वळला.

“उद्या मशीन येते. तिन्ही झाडं जाईन. खा म्हना मंग खजूर.”

“मले काय म्हनता मंग तुमी?” शिडीवरून दिपाली बोलली.

अक्षय थांबला. “तुले काय संबंध?”

“हाये संबंध. काल जेवताना तुमी त्या झाडाले जे म्हटलं, ते लोक सहा वर्षांपासून मले म्हनते. तोंडावर नाही म्हनत, हातात ट्रे देते. तुमी पाहात नाही, आत्याबाई पाहते. या झाडाइले तोडाचं असन तर तोडा. पन वांझ म्हनून तोडू नका. भावाच्या रागानं तोडतो म्हना. खरं ते म्हना.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि बोटातून रक्त येत होतं.  अक्षय विहिरीच्या काठावर जाऊन बसला. त्याला बायकोचं इतकं सारं एका वेळी ऐकायची सवय नव्हती.

पलीकडच्या हरभऱ्यात अमर निंदत होता. वारा त्याच्याच दिशेनं वाहत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तिथूनच घरी निघून गेला.

सकाळी आठच्या सुमाराला मशीनवाला आला. कोवळा पोरगा नव्हे, चांगला मिशावाला गडी. झाडांभोवती फिरून त्यानं मशीनची टाकी भरली. अक्षय त्याच्याजवळ उभा होता. विमलताई बांधावर बसली होती. ती आडवी पडणार नव्हती, रडणार नव्हती. चूक तिची होती, तेव्हा झाड पडताना बघायचं हीच शिक्षा, असं ती मनाशी धरून आली होती. दिपाली तिच्यामागं उभी होती.

तेवढ्यात अमर आला. अंगात धुतलेला सदरा. तो सरळ अक्षयपुढं जाऊन उभा राहिला. बोलायची सवय मोडली होती, त्यामुळे पहिला शब्द यायला वेळ लागला.

“मले माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “आईची आन. गावात लोक म्हनतीन, मोठ्यानं लबाडी केली. मी पारख न करता वाटे पाडले, हे माह्यं चुकलं. झाडाचे वाटे आता तू पाड, अन् मी उचलतो.”

मशीनवाल्यानं दोरी ओढायला घेतलेला हात मागं घेतला.

अक्षय काही न बोलता बांधावरून चालू लागला. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत गेला, परत आला. एका नराजवळ थांबला, बोटांवर हिशेब केला. तीन नर, पाच माद्या. एक नर इकडे दिला तर दोन तिकडे. गोड झाड एकच, ते कोणाला? ते एकाला दिलं तर दुसऱ्याला कोणती चार दिल्यानं भरपाई होते? लाल दिलं, अंड्याएवढं दिलं, तरी होत नाही. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. असा तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याचा राग चालण्यात खर्च होताना विमलताईला दिसत होता. लेकाला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्याची मान कधी सैल पडते ते तिला पाठीमागून कळायचं.

“याचे वाटे पडत नाही,” अक्षय शेवटी म्हणाला.

“मंग?” अमरनं विचारलं.

“मंग काय. विहिरीसारखं. सामाईक.” आणि मशीनवाल्याकडे वळून, “भाऊ, चहा घेऊन जाजा. फुकटचा फेरा झाला तुमचा.”

मशीनवाल्याला राग आला नाही. तो म्हणाला, त्याच्याही घरी दोन भाऊ आहेत.

विमलताईला वाटलं, आता उठून दोघांच्याही तोंडावरून हात फिरवावा. पण काम अर्धं पडलं होतं. पश्चिमेच्या चारांतलं एकच झाड कालपर्यंत झालं होतं, तेही अर्धं. माघाचं ऊन चढलं की तुऱ्यातली धूळ उडून जाते.

“कोन चढते मंग?” ती म्हणाली. “माह्यं तर होत नाही.”

अक्षयनं शिडी उचलून पिवळ्या झाडाला लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग थांबला, वर घडाकडे बघितलं. काड्या कोणत्या, किती, उलट्या की सुलट्या, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं पाय खाली घेतला आणि भावासमोर, मशीनवाल्यासमोर, बायकोकडे वळला.

“तू चढ,” तो म्हणाला. “मले नाही येत. मी पाहतो, मंग शिकवजो.”

दिपालीनं अमरकडे बघितलं. तो तिचा भासरा, थोरला दीर. सहा वर्षांत ती त्याच्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती, तो अंगणात आला की पदर सारखा करून आत जायची. आता त्याच्यादेखत, त्याच्या डोक्याच्याही वर झाडावर जायचं होतं. तिनं सासूकडे बघितलं. विमलताईनं मान हलवली. दिपालीनं पदर कमरेला खोचला, बोटाला बांधलेली चिंधी दातानं आवळली आणि चढली.

बांधावरची माती भुसभुशीत होती. शिडीचा एक पाय खचला. अक्षयनं उजवीकडून धरली होती. अमर पुढं झाला आणि त्यानं डावीकडून धरली. वरून पांढरी धूळ दोघांच्या डोक्यावर पडायला लागली. अक्षयला शिंक आली.

“हलू नका,” वरून दिपाली म्हणाली, मोठ्यानं, दोघांनाही.

आणि दोघंही खाली मान घालून, शिडी घट्ट धरून, ती सांगेपर्यंत तसेच उभे राहिले.